भिंतीकडे फिरलेलें तोंड

शास्त्रवाचन : दुसरें राजे, अध्याय २० वा, वचनें १ ते ७



यहूदाचा राजा हिज्कीया दुखण्यानें अंथरुणास खिळला असतां यशया संदेष्टा त्याजकडे आला व त्यानें निरोप दिला कीं, हें दुखणें जिवावरचें आहे, घरादाराची व्यवस्था लावण्याची वेळ आली आहे. तेव्हां राजानें काय केलें? त्यानें प्रधानांशीं मसलत केली नाहीं, कीं कोणापुढें शौर्याचा आव आणिला नाहीं. त्यानें भिंतीकडे तोंड फिरविलें, प्रार्थना केली आणि तो फार रडला. ह्या रडण्याबद्दल शास्त्रांत त्यास कोठेंहि दोष लाविलेला नाहीं. उलट देवानें त्याचीं आसवें पाहिलीं व पंधरा वर्षें वाढवून दिलीं. येथवरची कथा आपल्या शब्बाथशाळेंतील मुलांसहि ठाऊक आहे. परंतु सातव्या वचनाकडे आपण सहसा लक्ष देत नाहीं. आयुष्य वाढल्याचें अभिवचन मिळून चुकल्यावर त्याच संदेष्ट्यानें अंजिरें आणावयास सांगितलीं, त्यांचा लेप गळवावर बांधविला, आणि मग राजा बरा झाला. अभिवचन ज्या मुखांतून आलें त्याच मुखांतून औषधाची आज्ञा आली.

हा पाठ आज घेण्याचें कारण असें कीं, गेल्या कांहीं वर्षांत आपल्या मंडळ्यांत मधुमेही माणसें पुष्कळ झालीं आहेत, आणि त्यांतील कित्येकांस आतां दवाखान्यांत दुसरा निरोप मिळूं लागला आहे, कीं साखरेचा परिणाम मूत्रपिंडांवर झाला आहे. (खेड्यांतून सर्वत्र 'किडनी' हाच शब्द चालतो, म्हणून मीहि तोच वापरीन.) मधुमेह असलेल्या सुमारें तिघांत एकास पुढेंमागें हें दुखणें जडतें. म्हणजे ज्या मंडळींत दहाबारा मधुमेही आहेत तिच्यांत तीनचार घरीं हा निरोप येणार, किंवा आलाच आहे आणि घरांतील माणसांस ठाऊक नाहीं.

घरांतील माणसांस ठाऊक नाहीं असें मी उगाच म्हणत नाहीं. माझ्या विभागांतील एका उपदेशकांची गोष्ट त्यांच्या परवानगीनें सांगतों. वय बावन्न, बारा वर्षांचा मधुमेह, पांच गांवें त्यांजकडे. तालुक्याच्या दवाखान्यांत रक्त व लघवी तपासली तेव्हां डॉक्टरांनीं सांगितलें कीं, लघवींतून प्रथिन जात आहे व किडनीचें काम निम्म्याच्या आसपास आलें आहे. त्यांनीं तो कागद चार घड्या घालून शास्त्राच्या पुस्तकांत ठेविला व सात महिने कोणास दाखविला नाहीं. ह्या सात महिन्यांत ते आजाऱ्यांस भेटत होते, दुसऱ्यांच्या उशाशीं बसून प्रार्थना करीत होते, आणि प्रत्येक घरचा गोड चहाहि घेत होते, कारण चहा नको म्हटला तर कारण विचारतात. पावसाळ्यानंतर पुस्तकें उन्हांत घालतांना तो कागद त्यांच्या पत्नीच्या हातीं लागला. त्या माउलीस इंग्रजी वाचतां येत नव्हतें, पण एका ओळीखालीं तांबडी रेघ होती, ती तिला समजली.

पुढें ते मजपाशीं बोलले तेव्हां त्यांनीं तीन कारणें सांगितलीं. मुलीचें लग्न ठरत आलें होतें; बापाला किडनीचें दुखणें आहे हें कळलें तर पाहुणे मागें फिरतील. दुसरें, लोक म्हणतील कीं जिभेवर ताबा नव्हता, त्याचें फळ मिळालें. तिसरें कारण सांगतांना त्यांचा स्वर खालीं गेला: मी लोकांस धीर देणारा, मलाच भीति वाटते हें मी कोणास सांगूं?

बंधूंनो, भीति वाटली म्हणून विश्वास गेला असें नाहीं. हिज्कीया रडला तो अविश्वासी म्हणून नव्हे. भिंतीकडे तोंड करण्यास मनुष्यास मुभा आहे. एक रात्र, दोन रात्री, आठवडाभर. परंतु सात महिने फार झाले. आणि हें सात महिन्यांचें मौन इतर पुष्कळ दुखण्यांत चाललें असतें, ह्या दुखण्यांत चालत नाहीं. कां, तें नीट समजून घ्या.

देवानें आपल्या पाठीकडील बाजूस, फासळ्यांच्या खालच्या भागाजवळ, मुठीएवढीं दोन मूत्रपिंडें ठेविलीं आहेत. प्रत्येकांत सुमारें दहा लाख सूक्ष्म चाळण्या आहेत. दिवसाकांठीं त्यांतून सुमारें १८० लिटर पाणी गाळलें जातें, आणि त्यांतील दीडदोन लिटर लघवी म्हणून टाकून बाकीचें सगळें शरीरास परत दिलें जातें. इब्री भाषेंत मूत्रपिंडांस जो शब्द आहे तोच मनुष्याच्या अगदीं आंतल्या, कोणास न दिसणाऱ्या विचारांसहि लाविला जातो. आपल्या मराठी शास्त्रांत अशा ठिकाणीं 'अंतर्याम' असा शब्द आढळतो. अर्पणाच्या नियमांत प्राण्याचीं दोन्ही मूत्रपिंडें चरबीसकट वेदीवर जात असत. आंतलें, झांकलेलें, तें देवाचें, असा त्यांचा समज होता.

रक्तांत साखर वर्षानुवर्षें अधिक राहिली कीं ह्या चाळण्यांच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात. आरंभीं त्या नेहमींपेक्षां अधिक जोरानें काम करितात, मग त्यांचीं भोकें सैल पडतात, आणि जें प्रथिन रक्तांतच राहावयाचें तें लघवींत झिरपूं लागतें. त्याबरोबर रक्तदाब वाढतो, आणि वाढलेला रक्तदाब त्याच चाळण्यांस पुन्हा मारितो. ह्या सर्व काळांत रोग्यास कांहीं होत नाहीं. दुखत नाहीं, ताप नाहीं, लघवी अडत नाहीं. अर्धें काम गेलें तरी माणूस नांगर धरितो. पायांवर सूज, लघवीला फेस, अन्नावरची वासना जाणें, अंगास खाज, हीं लक्षणें बहुधा पुष्कळ उशिरां येतात. पाठ दुखते म्हणून किडनी बिघडली आणि पाठ दुखत नाहीं म्हणून ती चांगली, हे दोन्ही समज खोटे आहेत.

लंडन येथील गाय्ज हॉस्पिटलांत रिचर्ड ब्राइट नांवाचे डॉक्टर होते. त्यांनीं १८२७ सालीं किडनीच्या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांची परीक्षा अशी कीं चमचाभर लघवी मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावयाची. प्रथिन असलें तर तें अंड्याच्या पांढऱ्यासारखें गोठे. पुढें १९३६ सालीं किमेलस्टील व विल्सन ह्या दोघांनीं मधुमेह्यांच्या किडनींत होणारा विशिष्ट बिघाड सूक्ष्मदर्शकाखालीं दाखवून दिला. आज चमचा व मेणबत्ती लागत नाहीं. लघवींतील अल्ब्युमिनचें क्रिएटिनीनशीं प्रमाण, आणि रक्तांतील क्रिएटिनीनवरून काढलेलें किडनीचें काम, ह्या दोन तपासण्या पुरेशा आहेत. पहिला आंकडा ३० च्या खालीं असावा. दुसरा ६० च्या वर. दवाखान्यांतील साध्या पट्टीनें थोडें प्रथिन कळत नाहीं, म्हणून पट्टी स्वच्छ निघाली एवढ्यावर निश्चिंत होऊं नये. मोठेपणीं होणारा जो सामान्य मधुमेह, त्यांत ह्या दोन्ही तपासण्या मधुमेह कळला त्याच दिवशीं व पुढें दरवर्षीं करावयाच्या असतात.

येथें घाबरलेल्यांस एक धीराची गोष्ट सांगितली पाहिजे. एका कागदावरून निर्णय होत नाहीं. ताप, लघवीचा दाह, अति श्रम ह्यांनींहि प्रथिन तात्पुरतें वाढतें. म्हणून तीन महिन्यांच्या अंतरानें पुन्हा पाहून मगच रोग ठरवितात. आणि रोग ठरला तरी त्याच्या पांच पायऱ्या आहेत. 'किडनीवर परिणाम' असें डॉक्टर म्हणतात तेव्हां आपल्या कानांवर 'डायलिसिस' एवढाच शब्द आदळतो. पण तो पांचव्या पायरीचा, काम १५ च्या खालीं गेल्यावरचा विचार आहे. आमच्या उपदेशकांसारखा तिसऱ्या पायरीवरचा मनुष्य योग्य उपचारानें वर्षानुवर्षें तेथेंच राहूं शकतो. गेलेलें बळ बहुधा परत येत नाहीं, हें खोटें न बोलतां सांगतों. उरलेलें राखतां येतें.

आतां पापाच्या प्रश्नाविषयीं. जन्मांधास पाहून शिष्यांनीं विचारलें कीं पाप कोणाचें, त्याचें कीं आईबापांचें. प्रभूनें तो प्रश्नच मोडून काढिला. तरी आपल्या मंडळ्यांत तो अजून विचारला जातो, फक्त शब्द बदलले आहेत: गोड खाल्लें असेल, व्रत मोडलें असेल, प्रार्थना कमी पडली असेल. मधुमेह वंशांतून येतो, वजनानें, बैठ्या कामानें, वयानेंहि येतो. ज्यानें आयुष्यांत क्वचित् जिलबी चाखली त्या मजुरासहि तो होतो. आणि समजा कोणी निष्काळजी राहिला. तरी त्याच्या दारीं जाऊन हिशेब मांडणें हें ईयोबाच्या तिघां मित्रांचें काम होतें, आणि त्यांस शेवटीं काय ऐकावें लागलें तें वाचून पाहा.

ह्याच्या उलट टोंकास आणखी एक गोष्ट घडते, आणि ती मला अधिक भयंकर वाटते. एका मंडळींत एक वृद्ध बाई साक्ष देण्यास उभी राहिली. बारा वर्षें इन्शुलिन घेत होतें, आतां साखर आपोआप उतरली, निम्मी मात्राहि जास्त होते, असें तिनें डोळ्यांत पाणी आणून सांगितलें. लोकांनीं स्तुतिगीत म्हटलें. मागच्या बाकावर एक नर्सबाई बसल्या होत्या, त्यांनीं गीत म्हटलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या बाईंस घेऊन त्या दवाखान्यांत गेल्या. किडनी बरीच निकामी झाली होती. इन्शुलिन शरीरांतून काढून टाकण्याचें काम बऱ्याच अंशीं किडनी करिते. ती थकली कीं तेंच इन्शुलिन अधिक वेळ राहतें आणि साखर खालीं जाते. ज्यास आपण बरें होणें म्हणतों तें पुष्कळदां रोग वाढल्याचें चिन्ह असतें, आणि मात्रा कमी न केल्यास रात्रीं झोपेंत साखर इतकी उतरते कीं माणूस सकाळीं उठत नाहीं. प्रभूनें कुष्ठ्यास शुद्ध केल्यावर याजकापुढें जाऊन तपासून घेण्यास पाठविलें होतें. साक्ष द्यावी, तपासून घेऊन मग द्यावी.

कोणी आसा राजाचें उदाहरण पुढें करितात, कीं पायाच्या दुखण्यांत त्यानें वैद्यांचा आश्रय केला म्हणून तो दोषी ठरला. नीट वाचा: दोष देवाला सोडल्याचा आहे. वैद्य वाईट असते तर लूक वैद्य पौलाच्या सोबत्यांत नसता, आणि ज्या मिशनच्या वाडवडिलांनीं आपणांस शास्त्र दिलें त्यांनीं १८९४ सालीं मिरजेस इस्पितळ उभारलें नसतें.

मग ह्या दुखण्यांत अंजिरांचा लेप कोणता? पहिला, रक्तदाब. तो सामान्यतः १३०/८० च्या खालीं असावा. रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन अशा नांवांच्या गोळ्या दाब उतरवितातच, पण चाळण्यांच्या आंतील ताणहि कमी करून प्रथिनाची गळती आवरतात. १९९३ व २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत हें सिद्ध झालें. म्हणून दाब बरोबर आला, आतां गोळी कशास, असें म्हणून ती सोडूं नये. ती किडनीसाठीं आहे. (गर्भवतीस मात्र ह्या गोळ्या चालत नाहींत.) दुसरा, साखर आवरणें, पण हट्टानें फार खालीं न नेतां. तिसरा लेप नवा आहे. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या कांहीं गोळ्या किडनीचा ऱ्हास मंद करितात असें २०१९ सालीं कॅनाग्लिफ्लोझिनविषयीं व २०२० सालीं डापाग्लिफ्लोझिनविषयीं दिसून आलें. २०२० सालींच डापाग्लिफ्लोझिनचें पेटंट भारतांत संपलें. तेव्हांपासून अनेक कंपन्या ती बनवितात व किंमत पुष्कळ उतरली आहे. ती प्रत्येकास चालते असें नाहीं, परंतु डॉक्टरांस विचारण्यास संकोच नको. वांति, जुलाब, कडक ताप किंवा उपास असेल त्या दिवशीं ह्या गोळ्यांपैकीं कोणत्या थांबवावयाच्या हें आधींच विचारून ठेवावें. लेंटच्या उपवासाविषयीं मी पाळक ह्या नात्यानें सांगतों कीं असा रोगी उपवासास बांधलेला नाहीं.

काय टाळावें, ह्यांत खेड्यांतील मोठा शत्रु दुखण्याची गोळी आहे. दिवसभर वाकून खुरपणी केलेली बाई दुकानांतून दहा रुपयांची गोळी घेते, रोज घेते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ह्या जातीच्या त्या गोळ्या दुर्बळ किडनीस आणखी मारितात. मूळव्याधीपासून मधुमेहापर्यंत सर्वांवर एकच पुडी देणारे जे लोक बाजारच्या दिवशीं बसतात, त्यांच्या भस्मांत पारा किंवा शिसें असूं शकतें. पाणी पुष्कळ प्यालें कीं किडनी धुऊन निघते, हाहि भ्रम आहे. किती प्यावें तें रोगाच्या पायरीवर ठरतें.

स्वयंपाकघरांत पहिलें काम मिठाचें. दिवसास सर्व मिळून एक लहान चमचा, ५ ग्रॅमच्या आंत. आपल्या घरीं भाजींतलें मीठ तितकें नसतें जितकें लोणचें, पापड, खारा मासा, चटणी व वरून घेतलेल्या चिमटींत असतें. 'कमी सोडियमचें' म्हणून विकलें जाणारें मीठ मात्र आणूं नये. त्यांत पोटॅशियम असतें आणि थकलेल्या किडनीस तें बाहेर टाकतां येत नाहीं. केळीं, शहाळें, डाळ हें सगळें एका दिवसांत बंद करणारेहि आहेत. तसें करूं नये. रक्तांतील पोटॅशियम पाहून डॉक्टर सांगतील तेवढेंच सोडावें. डाळभाकरी अजिबात तोडून हाडें राहिलेला रोगी मीं पाहिला आहे. त्याची किडनी सुधारली नाहीं, आणि दंडावरचें मांस गेलें.

आणि लेप लावूनहि गळूं बसलें नाहीं तर? पौलानें शरीरांतील कांट्यासाठीं तीनदां विनंती केली व कांटा राहिलाच. हें मी लपवीत नाहीं. पण पांचव्या पायरीवरहि दार आहे. १९४३ सालीं हॉलंडांत, देश शत्रूच्या ताब्यांत असतां, विलेम कोल्फ ह्या डॉक्टरांनीं सॉसेजच्या सेलोफेन नळ्या व लांकडी पिंप ह्यांचें यंत्र करून रक्त शरीराबाहेर शुद्ध केलें. पहिले रोगी बहुतेक दगावले. १९४५ सालीं ६७ वर्षांची एक बाई वांचली. आणि ती शत्रुपक्षास मिळाल्याबद्दल तुरुंगांत असलेली होती. कोल्फ ह्यांनीं ती कोणाची हें पाहिलें नाहीं. त्याच यंत्राच्या वंशजावर आज लोक बहुधा आठवड्यांतून तीनदां, चार चार तास बसतात. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमांत जिल्हा इस्पितळांतून गरिबांस हा उपचार मोफत मिळतो, आणि महाराष्ट्रांत महात्मा ज्योतिराव फुले योजनेंतहि त्याचा समावेश आहे. किडनी बसविण्याची शस्त्रक्रिया १९७१ सालीं वेल्लूरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत यशस्वी झाली. ह्या ठिकाणीं पुरुषांस एक विचारतों. आपल्या देशांत जिवंतपणीं किडनी देणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक. बायको आजारी पडली असतां आपल्यापैकीं किती जण दवाखान्यांत जाऊन आपलें रक्त जुळतें कीं नाहीं हें पाहतील? फार वृद्ध व इतर रोगांनीं जर्जर झालेला कोणी यंत्रावर बसणें नको म्हणाला, तर त्यास अविश्वासी म्हणूं नये. त्याची सूज, धाप व वेदना कमी करण्याचे उपाय आहेत, ते त्यास मिळवून द्यावे.

आतां उपदेशकांस. ज्यांस हा निरोप मिळाला आहे त्यांच्या घरीं गेलां तर आरंभीं वचन वाचूं नका, बसा. गोड चहा आपणच नाकारा, म्हणजे घरधन्यास नाकारणें सोपें जाईल. उपकारस्तुतीच्या पंगतींत एक भाजी कमी मिठाची व एक ताट बिनगोडाचें असावें, आणि तें कोणासाठीं आहे हें मोठ्यानें सांगूं नये. तरुणांस सांगा कीं बापास मधुमेह असेल तर त्यांनींहि आपली साखर पाहावी. घराची व्यवस्था लावण्याचा जो निरोप राजास मिळाला तो मरणाऱ्यासच लागू आहे असें नाहीं. सातबारा, बँकेंतील वारस, विम्याचा कागद, हें बायकोला ठाऊक असणें निरोग्यासहि बरें.

आमच्या उपदेशकांच्या मुलीचें लग्न झालें. पाहुण्यांस आधीं सांगितलें होतें. वराच्या बापासहि मधुमेह निघाला, व आतां दोघे व्याही एकाच दिवशीं तालुक्यास तपासणीला जातात.

तपासणीस कोणास एकटें पाठवूं नका. घाबरलेल्या मनुष्यास डॉक्टरांचे निम्मे शब्द ऐकूं येत नाहींत. मंडळींतील एका साक्षर जणानें बरोबर जावें, वही न्यावी, आणि लिहून आणावें: क्रिएटिनीन किती, किडनीचें काम किती, लघवींतील प्रथिनाचा आंकडा किती, रक्तदाब किती, कोणती गोळी वाढली, कोणती बंद झाली, आणि पुढची तारीख कोणती. घरीं आल्यावर ती वही शास्त्राच्या पुस्तकांत झांकून न ठेवितां चुलीजवळच्या फळीवर ठेवावी, जेथें बायकोचा हात रोज जातो.